बंदूक न बाळगणारा शेरीफ : मेबेरी, १९६०–१९६८

१ फेब्रुवारी १९६०, सोमवार. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात शिरले. किरकोळ खरेदी केली आणि केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या लंच काउंटरवर जाऊन बसले. कॉफी मागितली, मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत चौघेही जागचे हलले नाहीत.

बरोबर दोन आठवड्यांनी, १५ फेब्रुवारीच्या सोमवारी रात्री, सीबीएस वाहिनीवरील 'द डॅनी थॉमस शो'च्या एका भागात त्याच राज्यातले एक गाव अमेरिकेने प्रथम पाहिले. गावाचे नाव मेबेरी. न्यूयॉर्कचा एक प्रसिद्ध कलावंत मोटारीने तिथून चालला आहे आणि 'थांबा' अशी पाटी असताना थांबला नाही म्हणून शेरीफ त्याला अडवतो. इथे आडवा रस्ताच नाही, मग पाटी कशाला, असा त्याचा त्रागा. शेरीफचे उत्तर शांत आहे : गावाकडे पाटीपुरते पैसे जमले, रस्त्याचे अजून जमायचे आहेत. पुढे कलावंताच्या लक्षात येते की या गावात शेरीफ, न्यायाधीश आणि वर्तमानपत्राचा संपादक हा एकच माणूस आहे.

ग्रीन्सबरो खरे, मेबेरी काल्पनिक. पण दोन्ही एकाच राज्यातली, एकाच महिन्यातली. या दोन सोमवारांमध्ये जे अंतर आहे, त्याचा हा धागा.

त्या एका भागातून 'द अँडी ग्रिफिथ शो' ही मालिका निघाली. ३ ऑक्टोबर १९६० ते १ एप्रिल १९६८, एकूण २४९ भाग. पहिले १५९ कृष्णधवल, उरलेले ९० रंगीत. गुन्हेगारी मालिकांचा तो काळ होता. 'ड्रॅगनेट'ने पोलिसी कामाचा कोरडा, अहवालवजा साचा रूढ केला होता. 'द अनटचेबल्स'मध्ये बंदुकांचा नुसता पाऊस पडत असे. अशा वेळी जिथे जवळजवळ गुन्हाच घडत नाही, अशी पोलिसांची मालिका लोकांनी आठ वर्षे पाहिली. अखेरच्या हंगामात ती देशातील प्रेक्षकसंख्येच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. पहिल्या क्रमांकावर असताना निरोप घेण्याचे भाग्य अमेरिकन दूरचित्रवाणीत फार थोड्या मालिकांना लाभले आहे.

शेरीफ म्हटले की मराठी वाचकाला मुंबईचे नगरपाल आठवतील. ते मानाचे पद. अमेरिकेतला, त्यातही दक्षिणेतला शेरीफ ही वेगळीच गोष्ट आहे. तो काउंटीचा, म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या घटकाचा, निवडून आलेला पोलीसप्रमुख. तुरुंग त्याच्या ताब्यात, डेप्युटी नेमणे त्याच्या हातात. वरिष्ठ असा कोणी नाही. असलाच तर मतदार. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढे सगळे त्यापाशीच येऊन थांबते.

मेबेरीचा शेरीफ अँडी टेलर विधुर आहे. मुलगा ओपी लहान. घर सांभाळायला आत्या बी. ओपीचे काम करणारा सहा वर्षांचा रॉन हॉवर्ड पुढे मोठा चित्रपट दिग्दर्शक झाला. अँडी सहसा बंदूक बाळगत नाही. त्याचा डेप्युटी बार्नी फाइफ मात्र बंदूक लावून हिंडतो. पण ती त्याच्या हातून भलत्या वेळी सुटते, म्हणून अँडीने त्याला एकच गोळी दिली आहे आणि तीही सदऱ्याच्या खिशात ठेवायची. ही भूमिका डॉन नॉट्स यांची. त्यासाठी त्यांना पाच एमी पुरस्कार मिळाले. मुळात बार्नी हे पात्र योजनेतच नव्हते. पहिला भाग पाहून नॉट्स यांनी ग्रिफिथ यांना दूरध्वनी केला आणि शेरीफला एखादा डेप्युटी नको का, असे विचारले. दोघे रंगभूमीवर एकत्र काम केलेले जुने स्नेही होते. विनोद ग्रिफिथ करणार असे आधी ठरले होते. नॉट्स आल्यावर ग्रिफिथ यांनी तो त्यांच्याकडे सोपवला आणि स्वतः ऐकणाऱ्याची बाजू घेतली. मालिका वाचली ती या निर्णयामुळे. आरंभीच्या भागांतला मोठ्याने बोलणारा, दात काढून हसणारा अँडी आज पाहवत नाही. दुसऱ्या हंगामापासूनचा, खुर्चीत रेलून बार्नीचे पुराण ऐकणारा अँडी हाच लोकांच्या स्मरणातला शेरीफ.

तिसरा महत्त्वाचा माणूस ओटिस कँपबेल, गावचा दारुडा. शनिवारी रात्री झिंगत येतो, भिंतीवरची किल्ली काढतो, स्वतःला कोठडीत कोंडून घेतो आणि झोपतो. सकाळी हात बाहेर काढून कुलूप उघडतो आणि घरी जातो. पंचनामा नाही, आरोपपत्र नाही. मेबेरीची कोठडी म्हणजे गावाने ओटिससाठी ठेवलेली एक खाटच.

मालिकेची गोडी नेमकी कशात, याचे उत्तर जानेवारी १९६३ मध्ये दाखवलेल्या 'मॅन इन अ हरी' या भागात सापडते. रविवारी एका उद्योगपतीची मोटार गावाबाहेर बंद पडते. आज दुरुस्ती होणार नाही, कारण आज रविवार आहे. गावाचा एकमेव दूरध्वनी-मार्गही दुपारभर मिळणार नाही, कारण वेगवेगळ्या गावी राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या बहिणी दर रविवारी त्यावर गप्पा मारतात. तो संतापतो, येरझारा घालतो, आणि ओसरीवर बार्नी एकच बेत पुन:पुन्हा सांगत बसतो : घरी जावे, जरा डुलकी घ्यावी, मग मैत्रिणीकडे जाऊन टीव्ही पाहावा. घडत काहीच नाही. तेवीस-चोवीस मिनिटांत एका माणसाचा वेग उतरतो, एवढेच. आजच्या कोणत्याही लेखनकार्यशाळेत हे कथानक नापास होईल.

या संथपणाला काळाची पार्श्वभूमी होती. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जात होते आणि लहान गावे बाजूला पडत होती. १९५० ते १९७० या वीस वर्षांत अमेरिकेची शेतावर राहणारी लोकसंख्या निम्म्याहून खाली आली. उपनगरांत नव्याने स्थायिक झालेले कोट्यवधी प्रेक्षक आपल्या आईबापांचे गाव पडद्यावर शोधत होते. मालिका साठच्या दशकात घडत असली तरी तिचे वातावरण तिसाव्या दशकाचे होते, असे स्वतः ग्रिफिथ यांनी पुढे सांगितले आहे. तेही खरे तर एक सौम्य विधानच. ग्रिफिथ यांचा जन्म १९२६ चा, माउंट एअरी या गावचा. वडील फर्निचरच्या कारखान्यात कामगार, घर गरीब. मेबेरी हे त्या गावाचे दारिद्र्य वजा जाता उरलेले चित्र होते. आणि चित्रीकरण तर सारे कॅलिफोर्नियात. आरंभी शीळ वाजते आणि बापलेक गळ टाकायला निघतात, ते तळे बेव्हर्ली हिल्सच्या डोंगरातला एक जलाशय आहे.

आता मालिकेतून वजा झालेली दुसरी गोष्ट.

२४९ भागांत संवाद असलेले, कथेत काही महत्त्व असलेले कृष्णवर्णीय पात्र एकच आहे. ते आले १३ मार्च १९६७ रोजी, मालिकेला सहा वर्षे उलटून गेल्यावर. फ्लिप कॉनरॉय हा माजी व्यावसायिक फुटबॉलपटू गावी परततो, मुलांना खेळ शिकवतो, पियानोही वाजवतो. भाग बरा आहे. पात्राला प्रतिष्ठा आहे. पण तो परत दिसत नाही. बाकीच्या भागांत कृष्णवर्णीय माणसे कधीमधी रस्त्याच्या गर्दीत चालताना दिसतात, आणि चालतच राहतात. न्हाव्याच्या दुकानात त्यांपैकी कोणी टेकत नाही.

नॉर्थ कॅरोलिनात त्या वर्षांत काय चालले होते, हे माउंट एअरीपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या ग्रीन्सबरोत पाहता येते. चौघांचा तो ठिय्या काही दिवसांत शेकडोंचा झाला, काही आठवड्यांत दक्षिणेतल्या अनेक शहरांत पोहोचला. मेबेरी पडद्यावर आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ फेब्रुवारी १९६० रोजी, त्याच राज्यातील डरहॅम शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांनी विद्यार्थ्यांना सांगितले की अटकेची भीती घातली गेली तर दक्षिणेतले तुरुंग भरून टाकण्याची आपली तयारी आहे. पुढच्या वर्षी शेजारच्या साउथ कॅरोलिनात, रॉक हिल गावी, लंच काउंटरवर बसलेल्या नऊ जणांनी दंड भरण्याचे नाकारून तीस दिवस सक्तमजुरी पत्करली. ओटिसची खाट आणि ही सक्तमजुरी एकाच वर्षातली आहे.

एप्रिल १९६० मध्ये याच राज्याच्या राजधानीत, रॅली येथील शॉ विद्यापीठात, विद्यार्थ्यांची परिषद भरली आणि तिच्यातून 'स्निक' ही विद्यार्थी संघटना जन्मली. परिषदेतील एक प्रमुख भाषण जेम्स लॉसन यांचे होते. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. हे लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात होते. मेथडिस्ट मिशनरी म्हणून आले, तिथे खेळ शिकवले आणि गांधींच्या सत्याग्रहाचा जवळून अभ्यास केला. माँटगमेरीच्या बस-बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. परिषदेनंतर दोन आठवड्यांनी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा नागपुरात शिकून गेलेला हा माणूस टेनेसीत विद्यापीठातून काढून टाकलेला विद्यार्थी होता.

मालिकेच्या लेखकांना हे कळत नव्हते का? कळत असणारच. पण त्या काळच्या दूरचित्रवाणीचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. मालिका प्रायोजकाच्या पैशावर चालत आणि दक्षिणेतल्या स्थानिक केंद्रांच्या मर्जीवर. नॅट किंग कोल यांच्यासारख्या अत्यंत लोकप्रिय गायकाचा कार्यक्रम १९५७ मध्ये बंद पडला, कारण त्याला राष्ट्रीय प्रायोजक मिळाला नाही. मिसिसिपीतील डब्ल्यूएलबीटी हे केंद्र नागरी हक्कांच्या बातम्या दडपत असे. त्यावरून खटला झाला आणि शेवटी १९६९ मध्ये न्यायालयाने त्याचा परवाना रद्द ठरवला. आणि सर्वांत बोलका पुरावा 'अँडी ग्रिफिथ शो'च्या घरातलाच आहे. मालिकेचे कार्यकारी निर्माते शेल्डन लेनर्ड यांनी १९६५ मध्ये 'आय स्पाय' ही दुसरी मालिका काढली आणि तिच्यात कृष्णवर्णीय नटाला बरोबरीची प्रमुख भूमिका दिली. दक्षिणेतल्या काही केंद्रांनी ती दाखवलीच नाही. म्हणजे धैर्य होते, किंमतही ठाऊक होती. मेबेरीसाठी ती मोजायची नाही, असे ठरले होते.

एवढे सांगून मालिकेला खोटी ठरवून मोकळे होता येते. पण ते फार सोपे, आणि पुरते खरेही नाही. डिसेंबर १९६० चा 'स्ट्रेंजर इन टाउन' हा भाग पाहा. एक अनोळखी तरुण गावात येतो. सर्वांची नावे, नातीगोती, घरचे तपशील त्याला ठाऊक असतात. गाव बिथरते. तो हेर आहे, भुताटकी आहे, काहीतरी काळेबेरे आहे. प्रत्यक्षात त्याला स्वतःचे गाव नाही. सैन्यात असताना मेबेरीच्या एका सोबत्याकडे येणारे स्थानिक वर्तमानपत्र वाचून वाचून त्याने हे गाव मनाने आपले केले आहे. लोक त्याला हुसकावायला निघतात तेव्हा अँडी मध्ये उभा राहतो आणि त्यांना लाजवतो. सप्टेंबर १९६३ च्या 'ओपी द बर्डमन'मध्ये ओपीच्या गलोलीने एक पक्षीण मरते. अँडी त्याला मारत नाही. खिडकी उघडी ठेवतो, आणि आई नसलेल्या पिल्लांची चिवचिव त्याला ऐकत राहायला लावतो. हा भाग दाखवला गेला ३० सप्टेंबरला. त्याआधी पंधरा दिवस, १५ सप्टेंबरला, अलाबामातील बर्मिंगहॅममध्ये चर्चमधल्या बाँबस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या होत्या. भाग अर्थातच आधी तयार झालेला होता. दोहोंत काही संबंध जोडणे चुकीचे ठरेल. पण त्या महिन्यात जो प्रेक्षक उघड्या खिडकीशी डोळे पुसत बसला होता, त्यानेच पंधरवड्यापूर्वीची बातमीही पाहिली होती.

मालिकेची नैतिक जाण अस्सल होती. प्रश्न तिच्या राजकीय पायाचा आहे, आणि तो पाया म्हणजे शेरीफचा मर्जीवरचा कारभार. अँडी कायद्याच्या पुस्तकाने चालत नाही. दारू गाळणाऱ्या म्हाताऱ्या बहिणींना सांभाळून घेतो, ओटिसची नोंद करत नाही, दंड करण्याऐवजी समज देतो. पुस्तकाने चालू पाहतो तो बार्नी, आणि तोच हास्यास्पद ठरतो. नियम म्हणजे मूर्खपणा, ओळख म्हणजे शहाणपण : मेबेरीचे सारे सुख या समीकरणावर उभे आहे. नवख्या प्रेक्षकाला आजही तेच भुलवते. जो आपल्याला नावाने ओळखतो, कागद काढण्याआधी खुर्ची पुढे करतो, असा पोलीस कोणाला नको आहे?

परंतु दक्षिणेतल्या खऱ्या काउंट्यांतही कारभार मर्जीवरच चालत होता. मिसिसिपीच्या नेशोबा काउंटीत जून १९६४ मध्ये नागरी हक्कांचे काम करणारे तीन तरुण, जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वर्नर, यांना डेप्युटी शेरीफ सेसिल प्राइसने वेगाने गाडी चालवल्याच्या सबबीवर अडवले. मेबेरीच्या पहिल्या भागातली ती पाटी आठवावी. तुरुंगात ठेवले, रात्री सोडले, आणि मारेकऱ्यांच्या हाती जाऊ दिले. प्राइसला १९६७ मध्ये शिक्षा झाली. शेरीफ लॉरेन्स रेनी निर्दोष सुटला. त्या गावातही सर्वजण सर्वांना नावाने ओळखत होते. नॉर्थ कॅरोलिनाचे म्हणाल तर साठच्या दशकाच्या मध्यावर कू क्लक्स क्लॅनचे सर्वाधिक सदस्य याच राज्यात होते.

७ मार्च १९६५, रविवार. अलाबामातील सेल्मा येथे पुलावरून निघालेल्या मोर्चावर राज्य पोलीस आणि शेरीफ जिम क्लार्कची माणसे लाठ्या व अश्रुधूर घेऊन तुटून पडली. त्या रात्री एबीसी वाहिनीने चालू चित्रपट थांबवून ती दृश्ये देशाला दाखवली. चित्रपट होता 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग'. दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे मेबेरीचा वार. एकाच पेटीत चोवीस तासांच्या अंतराने दोन शेरीफ.

या दोघांत फरक स्वभावाचा होता, असे मालिका मानते. इतिहास वेगळे सांगतो. क्लार्कच्या डॅलस काउंटीत मतदानास पात्र असे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय नागरिक होते आणि मतदारयादीत त्यांपैकी काही शेकडेच. शेरीफचा वरिष्ठ मतदार असतो, हे वर आले आहे. क्लार्कच्या वरिष्ठांमध्ये हे लोक नव्हतेच. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायदा झाला. नोंदणी झाली. मे १९६६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी मतदान झाले आणि नव्या मतदारांनी क्लार्कला हरवून विल्सन बेकर यांना निवडले. त्याच वर्षी अलाबामाच्या मेकन काउंटीत लुशियस ॲमरसन निवडून आले आणि जानेवारी १९६७ मध्ये त्यांनी पदभार घेतला. गृहयुद्धोत्तर पुनर्रचनेच्या काळानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीय शेरीफ प्रथमच होत होता. फ्लिप कॉनरॉय मेबेरीत पियानो वाजवायला आला तो यानंतर दोन महिन्यांनी. वास्तवातले अलाबामा काल्पनिक नॉर्थ कॅरोलिनाच्या पुढे निघून गेले होते.

मेबेरीत आठ वर्षांत शेरीफच्या निवडणुकीचे विषय येतात, पण मत कोणाला आहे आणि कोणाला नाही, हा प्रश्न कधी येत नाही.

जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइटमध्ये एका बेकायदा दारूच्या अड्ड्यावर पोलिसांनी धाड घातली आणि त्यातून उसळलेल्या दंगलीत ४३ माणसे मेली. (दारूच्या प्रकरणाला पोलीस कसे हाताळतात यावर किती काय अवलंबून असते, हे ओटिसच्या निर्मात्यांना अन्य कोणापेक्षा अधिक ठाऊक असायला हवे होते.) २९ फेब्रुवारी १९६८ रोजी कर्नर आयोगाचा अहवाल आला. त्यात एक पूर्ण प्रकरण प्रसारमाध्यमांवर होते : देशाची वृत्तमाध्यमे गोऱ्या माणसाच्या नजरेनेच जग पाहतात आणि दाखवतात, असा त्याचा रोख होता. १ एप्रिलला मेबेरीचा अखेरचा भाग झाला. ४ एप्रिलला मेंफिसमध्ये किंग यांची हत्या झाली.

मालिका मात्र संपली नाही. 'मेबेरी आर.एफ.डी.' नावाने ती तीन वर्षे पुढे चालली; १९७१ मध्ये सीबीएसने ग्रामीण धाटणीच्या मालिका एका फटक्यात बंद केल्या तेव्हा तीही गेली. पुनःप्रक्षेपण तेव्हापासून आजतागायत चालू आहे. ब्रिटनमध्येही असेच घडले. यॉर्कशरच्या खेड्यातल्या पोलिसांची 'हार्टबीट' ही मालिका १९९२ मध्ये सुरू होऊन अठरा वर्षे चालली, आणि तिचाही काळ साठच्या दशकाचा. संपात, दंगलीत, चौकशी आयोगांत पोलिसांवरचा विश्वास जसजसा झिजतो तसतसा पडद्यावरचा गावचा पोलीस अधिक प्रेमळ होत जातो, असे काहीसे दिसते.

माउंट एअरीत पूर्वी मोज्यांचे कारखाने होते. ते बहुतेक बंद झाले. आता गाव मेबेरीवर जगते. जुन्या फोर्ड पोलीसगाड्यांतून पर्यटकांना फेरी मारून आणतात. २००९ मध्ये तिथे अँडी ग्रिफिथ संग्रहालय उघडले. त्यानंतर काही महिन्यांनी, १ फेब्रुवारी २०१० रोजी, ग्रीन्सबरोतल्या त्या वूलवर्थच्या इमारतीत नागरी हक्क संग्रहालय सुरू झाले. काउंटर आणि खुर्च्या जागच्या जागी आहेत. मोटारीने सव्वा-दीड तासाचे अंतर. सकाळी एक आणि दुपारी दुसरे, असे दोन्ही एका दिवसात पाहून होतात.